एकच मेम्ब्रेन, दोन गावांचे पाणी: नॅनोफिल्ट्रेशनचे गणित

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एखाद्या बोअरचे फ्लोराइडयुक्त पाणी आणि अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे खारे पाणी एकाच नॅनोफिल्ट्रेशन मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीच्या पडद्यातून सोडले, तर दोन्हीकडे क्षार सारखेच अडतील का? अडणार नाहीत. ते का, आणि यंत्र विकत घेण्याआधी हा फरक गणिताने कसा काढता येतो, ते आज पाहू.

या मेम्ब्रेनमधला काम करणारा थर बहुधा पॉलिअमाइडचा असतो आणि त्यातली छिद्रे साधारण एक नॅनोमीटर रुंद, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी असतात. अनेक जण तिला अतिबारीक चाळणी समजतात, आणि साखरेपुरते ते बरेचसे खरे आहे. ग्लुकोजच्या रेणूची त्रिज्या सुमारे 0.36 नॅनोमीटर, छिद्राची 0.5 धरू. रेणूचा मध्य छिद्राच्या भिंतीला टेकू शकत नाही, त्यामुळे त्याला मोकळी त्रिज्या उरते 28 टक्के आणि मोकळे क्षेत्रफळ त्याच्या वर्गाएवढे, म्हणजे जेमतेम 8 टक्के. ग्लुकोजवर विद्युतभार नसतो, म्हणूनच प्रयोगशाळेत आधी असे पदार्थ सोडून, किती अडले यावरून छिद्राचा आकार उलटा काढतात.

क्षारांपाशी मात्र हा हिशेब तोकडा पडतो. सल्फेटची त्रिज्या सुमारे 0.23 नॅनोमीटर, वरच्याच रीतीने त्याला 29 टक्के वाट मोकळी हवी, पण चांगली मेम्ब्रेन सोडियम सल्फेट 95 टक्क्यांहून अधिक अडवते. कारण पिण्याच्या पाण्यात या मेम्ब्रेनवर सहसा ऋण भार असतो. तो ऋण आयनांना, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या ऋण भाराच्या कणांना, मागे लोटतो, दुहेरी भाराच्या सल्फेटला अधिक जोराने. आणि पाण्यातले धन व ऋण भार जुळलेच पाहिजेत, म्हणून सोडियमही मागेच थांबतो. हा समतोल रसायनशास्त्रज्ञ डॉनन यांनी 1911 मध्ये मांडला. शिवाय अरुंद छिद्रात शिरताना आयनाला भोवतालच्या पाण्याचा आधार कमी पडतो, आणि ती किंमतही भाराच्या वर्गाने वाढते.

आत शिरलेला आयन तीन कारणांनी पुढे सरकतो: संहतीतला (पाण्यातल्या प्रमाणातला) फरक, विद्युतक्षेत्र आणि पाण्याचा प्रवाह. या तिघांना एकत्र बांधणारे नर्न्स्ट-प्लांक समीकरण संगणक प्रत्येक आयनासाठी, थराच्या जाडीचे बारीक तुकडे पाडून सोडवतो.

आता आपल्या दोन गावांकडे येऊ. खारपाणपट्ट्यात सोडियम आणि क्लोराइड मुबलक. पाणी जितके खारे, तितका मेम्ब्रेनचा भार झाकला जातो आणि मीठ पार होऊ लागते. तिथे आरओच हवा. फ्लोराइडचे तसे नाही. तो एकाच भाराचा असला तरी पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे सहसा क्लोराइडपेक्षा अधिक अडतो, आणि तेही आरओपेक्षा कमी दाबावर. मुलांच्या दातांवर डाग आणि थोरांच्या हाडांत कायमचे दुखणे देणाऱ्या या पाण्यासाठी हा पर्याय गांभीर्याने तपासला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

परंतु केवळ टीडीएस मीटर (विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा दाखवणारे यंत्र) बुडवून निर्णय घेऊ नका. सल्फेट भरपूर असेल तर भारांचा मेळ राखण्यासाठी एकेरी भाराचे आयन पलीकडे ढकलले जातात. क्लोराइड तर कधीकधी मूळ पाण्यापेक्षा गाळलेल्या पाण्यातच जास्त भरतो. म्हणून गणितात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, फ्लोराइड आणि पीएच हे सगळे आकडे भरावे लागतात.

याच गणितातून रिजेक्ट पाण्याचाही, म्हणजे गाळताना मागे उरणाऱ्या पाण्याचाही, अंदाज येतो. लिटरला 3 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्यातून तीन चतुर्थांश पाणी गाळून घेतले आणि फ्लोराइड जवळपास पूर्ण अडला, तर उरलेल्या पाण्यात तो 12 मिलिग्रॅमपर्यंत जातो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 1, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 आहे. ते पाणी विहिरीजवळच्या नालीत सोडता येणार नाही, तेव्हा त्याची जागा यंत्राच्या आराखड्यातच दाखवून मागा.