गाणं थांबलं तरी स्पीकर गप्प बसत नाही

(पडद्यावर फक्त स्पीकर. दहा सेकंद काहीच बोलायचं नाही.)

ऐकू आलं? हेडफोन लावून बघत असाल तर नक्की आलं असेल. गाणं लावलेलंच नाहीये, तरी हा आपला "हम्म्म्" करत बसलाय. दिवसा कळत नाही. रात्री घर शांत झालं, आलाप सुरू व्हायच्या आधीचा तो एक क्षण आला, की नेमका तेव्हा हा तंबोऱ्याच्या आधी सूर लावतो. आणि तोही चुकीचा.

नमस्कार मंडळी. आज हा आवाज कुठून येतो ते शोधायचंय. अट एकच, शोध संपेपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही. मी स्वतः या आवाजापायी दोनदा केबल बदलल्या, फर्निचर हलवलं, शेवटी ॲम्प्लिफायर उचलून दुरुस्तीला नेला, आणि दोष निघाला भलतीकडेच. त्याची गोष्ट पुढे येईल.

आधी आवाजाची जात ओळखा. खालच्या पट्टीत घुमणारा, पोटात जाणवणारा, तो हम. त्याचाच चिडका भाऊ म्हणजे भुणभुण, काचेवर माशी अडकल्यासारखी, कडा असलेली. आणि तिसरा ट्विटरमधून, म्हणजे स्पीकरमधल्या उंच सुरांच्या छोट्या भागातून, येणारा "स्स्स", दूरवर पाऊस पडत असल्यासारखा. पहिल्या दोघांचा संबंध विजेशी आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, काही देशांत ६० वेळा. स्वच्छ ५० हर्ट्झचा हम असेल तर बहुतेक वेळा जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कुठेतरी घुसलंय. १०० हर्ट्झ असेल तर शंका ॲम्पच्या स्वतःच्या पॉवर सप्लायवर, कारण रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा भाग, प्रत्येक हेलकाव्याचे दोन करतो. आणि ५०, १००, १५०, २०० अशी सगळी वरात एकत्र आली असेल तर ग्राउंड लूप, तो काय ते पुढे सांगतो. हे काही पंचांग नाही, अपवाद असतात, पण सुरुवातीला दिशा मिळते. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठले हर्ट्झ किती आहेत ते, दाखवणारं ॲप असेल तर तो स्पीकरपाशी धरा. फक्त लक्षात ठेवा, काही फोनचे माइक खालचे आवाज कापून टाकतात, त्यामुळे ५० दिसलं नाही म्हणजे ते नाहीच असं समजू नका.

(कॅमेरा ॲम्पच्या व्हॉल्यूमच्या बटणावर.)

आता पहिली परीक्षा. गाणं बंद, ॲम्प चालू. व्हॉल्यूम हळूहळू वाढवा आणि कमी करा. आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढतो का?

वाढत असेल, तर कचरा व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी शिरतोय. म्हणजे प्लेअर, कॉम्प्युटर, टीव्ही, टर्नटेबल किंवा त्यांच्या वायरी. वाढत नसेल, अगदी शून्यावरही तसाच असेल, तर तो बटणाच्या नंतर शिरतोय, म्हणजे ॲम्पच्या पोटात. या एका फिरकीत निम्मं घर तपासून झालं. एवढी स्वस्त परीक्षा असून लोक आधी केबल बदलतात. मीही त्यातलाच.

व्हॉल्यूमबरोबर वाढतोय असं धरू. आता इनपुट बदलत जा. टर्नटेबलवर येतो, सीडीवर येत नाही? मग झालं, चोर सापडला. सगळ्या इनपुटवर येतो? मग ॲम्पच्या मागच्या इनपुटच्या वायरी एकेक करून काढायच्या. नुसतं यंत्र बंद करून चालत नाही, वायर काढायची, कारण बंद यंत्राचीही शिल्ड, म्हणजे वायरीची बाहेरची जाळी, जोडलेलीच असते. आणि वायर काढताना ॲम्प बंद ठेवा. आरसीए प्लगची रचनाच अशी आहे की लावताना मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर. त्या मधल्या क्षणात ॲम्पला नुसता उघडा अँटेना मिळतो आणि स्पीकरमधून असा "भ्रॅऽऽ" येतो की शेजारी विचारायला येतील.

इनपुटच्या सगळ्या वायरी काढल्या आणि स्पीकर एकदम शांत झाला, तर अभिनंदन, तुमचा ॲम्प निर्दोष आहे. आता एक वायर परत लावा. ऐका. दुसरी लावा. ऐका. ज्या वायरीला हम परत आला, ती धरून ठेवा.

आता ग्राउंड लूप. हा विषय जरा निवांत घेऊ, कारण व्हॉल्यूमबरोबर वाढणाऱ्या हममध्ये बऱ्याचदा हाच निघतो.

समजा तुमच्या ॲम्पला तीन पिनांचा प्लग आहे, म्हणजे त्याची पेटी अर्थिंगला जोडलेली आहे. कॉम्प्युटरलाही तीन पिना, तोही अर्थिंगला. आता दोघांच्या मध्ये तुम्ही आरसीए केबल लावली. त्या केबलच्या बाहेरच्या जाळीनं दोन्ही पेट्या पुन्हा एकदा जोडल्या गेल्या. म्हणजे झाला की नाही एक फेरा? भिंतीतल्या अर्थिंगमधून इकडे, केबलच्या जाळीतून तिकडे. प्रत्येक यंत्राच्या पॉवर सप्लायमधून थोडासा करंट अर्थकडे झिरपत असतो, तो या फेऱ्यात फिरायला लागतो. फेऱ्यातून जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र जात असेल तर तेही त्यात करंट ढकलतं. जाळीला थोडासा का होईना रेझिस्टन्स असतो, म्हणून तिच्या दोन टोकांमध्ये एखादा मिलिव्होल्ट तयार होतो. आणि गोची अशी की आरसीएमध्ये ही जाळी म्हणजेच सिग्नलची परतीची वाट. ॲम्पला काय कळणार यातलं गाणं कुठलं आणि गाळ कुठला? तो दोन्ही इमानदारीनं वाढवतो. पॉवर ॲम्प साधारण २० ते २८ पट वाढवतो. एका मिलिव्होल्टचे स्पीकरवर वीस-पंचवीस मिलिव्होल्ट. रात्रीच्या शांततेत तेवढे पुरतात.

लॅपटॉप असेल तर तपास एकदम सोपा. चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. हम गेला? फेरा चार्जरमधून जात होता. माउस हलवला किंवा पान सरकवलं की स्पीकरमध्ये किर्रकिर्र ऐकू येत असेल, तर तीही याच वाटेनं आलेली कॉम्प्युटरची आतली बडबड आहे.

उपाय? आधी फुकटचा. जी यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत, ती सगळी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. फेरा छोटा होतो, बऱ्याचदा आवाज बराच कमी होतो. नाही भागलं, तर विजेचा संबंधच तोडायचा. ऑप्टिकल केबलमधून नुसता प्रकाश जातो. तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली ही टॉसलिंक, आणि हमच्या बाबतीत तिला तोड नाही, कारण प्रकाशाला अर्थिंग नसतं. ॲनालॉगच ठेवायचं असेल तर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये टाका. चांगला घ्या, स्वस्तातला खालचे सूर खातो. आणि दोन्हीकडे एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची गोल सॉकेट, असेल तर बॅलन्स्ड जोडणी करा. तिथे सिग्नल दोन वेगळ्या तारांमधून जातो, जाळीवर काय चाललंय याच्याशी त्याचा फारसा संबंध राहत नाही.

(कॅमेऱ्याच्या जवळ येऊन.)

एक उपाय करायचा नाही. अर्थिंगची पिन कापायची नाही, टेप लावायची नाही, तीन पिनांचं दोन पिनांवर आणणारं अडॅप्टर वापरायचं नाही. हम जातो, खरंय. पण उद्या ॲम्पच्या आत फेजची तार सुटून पेटीला लागली, तर फ्यूज उडणार नाही. पेटी जिवंत होईल, आणि आरसीएच्या जाळीमधून तिला जोडलेलं प्रत्येक यंत्र. तुम्ही टर्नटेबलच्या आर्मला हात लावाल आणि तोच तुमचा अर्थ. हमसोबत राहिलेलं परवडतं.

तर माझी गोष्ट. माझा ॲम्प मी दुरुस्तीला नेला. कारागिरानं टेबलावर लावून दाखवला, एकदम शांत. "तुमच्या ॲम्पला काही झालेलं नाही," म्हणाला. घरी आणला, लावला, हम्म्म्. मला वाटलं ह्यानं नीट बघितलंच नाही. खरं तर त्यानं मला उत्तर दिलं होतं, मला ते ऐकू आलं नाही. टेबलावर ॲम्प एकटा होता. माझ्या घरी त्याला टीव्ही जोडलेला होता, आणि टीव्हीला केबलवाल्याची जाड गोल वायर. त्या वायरीची जाळी कुठेतरी बाहेर वेगळ्याच ठिकाणी अर्थ केलेली. टीव्ही बंद करून मी कित्येकदा पाहिलं होतं. ती वायर उपटून कधीच पाहिली नव्हती. उपटली, आणि खोलीतलं घड्याळ ऐकू यायला लागलं. आता टीव्हीपासून ॲम्पपर्यंत ऑप्टिकल आहे. अँटेनाच्या वायरीत बसणारा आयसोलेटरही मिळतो, पण सॅटेलाइट डिशच्या वायरीत तो घालू नका, तिच्यातून वरती डीसी वीज जात असते, ती तुटेल.

टर्नटेबलवाल्यांसाठी थोडं वेगळं. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. तुमचा मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तो छोटा भाग, देतो साधारण ५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारशे पटीनं कमी. त्यात १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वळणामुळे, म्हणजे तबकड्यांसाठी ठरलेल्या सुरांच्या मापामुळे, फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) खालचे सूर मुद्दाम वर उचलते, ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा १७ डेसिबल जास्त, म्हणजे सात पट. नेमका हमचाच पत्ता! म्हणून टर्नटेबल थोडा गुणगुणणारच. पण ती बारीक, टोकाला चिमटा असलेली तार ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूखाली घट्ट बसलीय का ते आधी बघा. एकाच बाजूनं हम येत असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार पिना तपासा. पांढरी आणि निळी डाव्याची, लाल आणि हिरवी उजव्याची. एखादी सैल झालेली असते. आणि आर्म हातानं तबकडीवरून आतबाहेर फिरवताना हम कमीजास्त होत असेल, तर हा ग्राउंड लूप नव्हे. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये शिरतंय. तिथे केबलची जाळी कितीही जाड असली तरी काही करू शकत नाही. ॲम्प अर्धा मीटर लांब सरकवा. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर भराभर ओसरतं.

आता "स्स्स". याच्याबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. ट्विटरला कान चिकटवून ऐकलंत तर बहुतेक स्पीकर स्स्स करतातच. नेहमीच्या जागेवर बसून ऐकू येतंय का? नसेल तर सोडून द्या, गाणी ऐका. कुठलाही रेझिस्टर नुसत्या उष्णतेमुळे असा आवाज करतो. बेल लॅब्जमध्ये जॉन्सननं तो मोजला, नायक्विस्टनं त्याचं गणित मांडलं, दोघांचे लेख १९२८ चे. तेव्हापासून कोणी रेझिस्टरला गप्प करू शकलेलं नाही. स्पीकर संवेदनशील असेल, म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त मोठ्यानं वाजणारा, हॉर्नवाला, ९७ डेसिबलचा वगैरे, तर ८५ डेसिबलच्या स्पीकरवर न ऐकू येणारा स्स्स त्याच्यावर चक्क ऐकू येतो.

जागेवरूनही ऐकू येत असेल तर पातळ्यांकडे बघा. फोनवरचा आवाज निम्म्यावर ठेवायचा आणि ॲम्प ढकलून वर न्यायचा, ही सवय वाईट. उलट करा. ब्लूटूथवर फोनचा आवाज पूर्ण, हेडफोनच्या जॅकमधून घेत असाल तर जरा कमी, आणि ॲम्प खाली. बदल करण्याआधी ॲम्प शून्यावर आणा, नाहीतर पहिल्याच ठेक्याला दचकाल. स्वतःचा ॲम्प आत असलेले स्पीकर असतील तर मागे बऱ्याचदा संवेदनशीलतेचं बटण असतं, ते कमी करून बघा.

बाकीची किरकोळ मंडळी पटकन. बटण फिरवताना खरखर: व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पॉटमध्ये (फिरत्या रेझिस्टरमध्ये) धूळ. ॲम्प बंद करून पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवा, कधीकधी तेवढ्यानं भागतं, नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनर. फ्रिज चालू-बंद होताना "टक": एखादा टक माफ. दिवा मंद करताना भुणभुण वाढते: दोषी डिमर आहे, ॲम्प नाही. एकाच स्पीकरमधून आवाज: डावी-उजवी वायर अदलाबदल करा, आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष वायरीच्या आधी, नाही गेला तर नंतर.

आणि हो, कधीकधी हम स्पीकरमधून येतच नसतो! ॲम्पच्या पेटीवर हात ठेवा. आतला ट्रान्सफॉर्मर स्वतःच थरथरत असतो, आणि विजेच्या लाइनवर थोडी डीसी आली की आणखी, गोल टोरॉइडल असेल तर जास्तच. स्पीकरच्या वायरी काढल्या तरी तो गातोच. पेटीचे स्क्रू आवळा, खाली रबर द्या. सिग्नलमध्ये यातलं काही मिसळत नाही.

राहिली पहिल्या परीक्षेतली ती दुसरी शक्यता. व्हॉल्यूम शून्य, इनपुटच्या सगळ्या वायरी काढलेल्या, तरी दोन्ही स्पीकरमधून भुणभुण. ॲम्प जुना असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबे, वाळले असण्याची शक्यता मोठी. इथे झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर तीनशे, चारशे व्होल्ट. कारागिराकडे न्या, पण "आवाज येतो हो" एवढंच सांगून माझ्यासारखे परत येऊ नका. सांगा, "इनपुट सगळे काढलेत, व्हॉल्यूम शून्यावर, दोन्ही बाजूंनी सारखी १०० हर्ट्झची भुणभुण." एवढं ऐकलं की तो स्क्रूड्रायव्हरच्या आधी कपॅसिटरचा खोका शोधायला लागेल.