आतून लावलेलं दार

(दाराची आतली बाजू. पाच कड्या.)

या दाराला आधी एकच कडी होती. उरलेल्या चार बाबांनी वर्षभरात बसवल्या, स्वतःच्या हातांनी. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी आहे. टेबलावर वही आहे. वरच्या मजल्यावरून आवाज कधी आला, नळाच्या पाण्याला वास कधी आला, त्याच्या नोंदी. तारीख, वेळ, खाली सही. अक्षर अजून तसंच वळणदार.

(वहीचं पान, जवळून.)

बाबा म्हणतात, मला काही झालेलं नाही. ते खोटं बोलत नाहीत. मनाचा हा आजार, हा भ्रम, ज्याला होतो, त्यालाच अनेकदा तो दिसत नाही. ‘डॉक्टरांकडे जाऊ’ असं मुलीने म्हटलं की उत्तर ठरलेलं: तूही त्यांनाच सामील आहेस.

लोकांनी तिला सल्ले दिले. पाण्यातून गोळी द्या. फिरायला म्हणून गाडीत बसवा. तिने ऐकलं नाही, आणि म्हणूनच आम्ही कॅमेरा घेऊन या घरी आलो. पाण्यात कुणी विष घालतंय अशी ज्याला धास्ती, त्याच्या पाण्यात खरंच काही मिसळायचं?

आधी शरीराच्या तपासण्या झाल्या. म्हातारपणी भ्रम दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला, तर लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं घटलेलं सोडियम किंवा एखादं नवं औषधही कारण असू शकतं. बाबांचं तसं नव्हतं.

(जिना. दाराच्या फटीशी बसून बोलणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ.)

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम ८९. रुग्ण तयार नसताना त्याला दाखल करण्याची वाट या कलमात आहे आणि ती मुद्दाम अरुंद ठेवली आहे. अर्ज रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी करतो. बाबांनी कुणाला नेमलं नव्हतं, त्यामुळे नातेवाईक म्हणून ही जबाबदारी मुलीवर आली. दोघांनी वेगवेगळं तपासायचं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. तपासणी दाखल करण्याच्या दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली. जुनी चिठ्ठी चालत नाही.

आजाराच्या भरात माणसाने नुकतीच स्वतःला इजा करण्याची धमकी दिली असेल किंवा प्रयत्न केला असेल. दुसऱ्यावर हात उगारला असेल किंवा दुसऱ्याला त्याची भीती वाटली असेल. किंवा अपाय होईल इतकं त्याचं स्वतःकडे दुर्लक्ष झालं असेल. यातलं एक तरी दोघांनाही दिसायला हवं. शिवाय यापेक्षा सौम्य उपाय उरलेला नसावा.

घरची माणसं पहिल्या दोन गोष्टींची वाट बघत बसतात. ‘अजून कुणाला मारलं तर नाही ना?’ बाबांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्यांनी फक्त पाणी पिणं सोडलं होतं.

(भरलेला तांब्या. वर बशी झाकलेली.)

या कलमाखाली जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांच्या आत कळवावं लागतं, रुग्ण स्त्री असेल तर तीन. उपचारांचा निर्णय प्रतिनिधी घेत असेल, तर रुग्णाला तो स्वतः घेता येतो का, हे दर सात दिवसांनी पाहायचं. साखळीने बांधायला तर कायद्याने पूर्ण बंदी. आणि दाखल करणं मान्य नसेल, तर रुग्ण स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो. बाबांचा हा हक्क मुलीने त्यांना आधीच सांगितला. दाराच्या फटीतूनच, दोनदा.

सुरुवात कुठून करायची हेच कळत नसेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विचारता येतं.

(रुग्णवाहिकेचं उघडं दार. बाबांच्या हातात वही.)

वही त्यांनी सोबत नेली. कुणी काढून घेतली नाही.

सव्वीस दिवसांनी बाबा घरी आले. गोळ्या चालू आहेत. मुलीशी बोलणं कमी आहे.

(दार. स्क्रूड्रायव्हर. बाबांचे हात.)

दोन कड्या त्यांनी काढल्या. तीन अजून आहेत.