दगडातलं पाणी: स्टॅमफर्ड आणि भोवतालच्या खाणी

[दृश्य: वेलंड नदीवरचा पूल, मागे चर्चचे मनोरे]

इंग्लंडच्या पूर्व भागात, लिंकनशर परगण्याच्या अगदी दक्षिण टोकाला स्टॅमफर्ड वसलंय. दर शुक्रवारी इथे बाजार भरतो. लंडनहून उत्तरेला जाणारा जुना हमरस्ता या गावातूनच जायचा. 1960 मध्ये बाह्यवळण रस्ता झाला आणि वाहनांचा लोंढा बाहेर गेला. 1967 मध्ये इंग्लंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र म्हणून याच गावाची घोषणा झाली. आज इथल्या 600हून अधिक इमारतींना कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यातल्या बहुतेक दगडी आहेत.

हा दगड दुरून आलेला नाही. बार्नॅक, केटन, कॉलीवेस्टन, क्लिप्शम ही खाणींची गावं फार तर पंधरा-सोळा किलोमीटरच्या टापूत आहेत. नकाशावर ती वेगवेगळ्या परगण्यांत दिसतात, पण जमिनीखाली सगळीकडे लिंकनशर चुनखडकाचाच पट्टा आहे. सुमारे 17 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. तळाशी लाटांबरोबर घोळणाऱ्या कणांवर चुन्याचे थरावर थर बसत गेले आणि त्याचे गोल, बारीक दाणे झाले. भिंगातून पाहिलं तर दगड माशाच्या गाभोळीसारखा दिसतो. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणापेक्षा हा स्वभावाने अगदी निराळा. तो पाणी पितो, पाणी सोडतो. खाणीतून काढल्यावर ते पाणी कधी आणि कसं बाहेर पडतं, यावर त्या दगडाचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं.

[दृश्य: बार्नॅकचं खाचखळग्यांचं गवताळ रान]

गावाच्या आग्नेयेला बार्नॅक. हे उंचवटे आणि खड्डे म्हणजे मध्ययुगातल्या खाणींचा राडारोडा. रोमन लोकांनी इथून दगड काढायला सुरुवात केली आणि 1500च्या सुमाराला चांगला दगड संपला. बार्नॅकचा दगड शिंपल्यांच्या तुकड्यांनी भरलेला, खरबरीत आणि चिवट आहे. पीटरबरो आणि ईली इथली कॅथिड्रल याच दगडाची. जड दगड गाडीने दूर नेणं परवडायचं नाही, म्हणून तो ओढत वेलंडपर्यंत आणायचे आणि तिथून होड्यांतून दलदलीच्या प्रदेशातल्या मठांकडे न्यायचे. रॅमझीच्या मठाने दगडाच्या हक्कासाठी पीटरबरोच्या मठाला दरवर्षी 4,000 वाम मासे द्यायचे, असा करार होता. खाणीची किंमत किती होती याचा अंदाज या एका आकड्यावरून येतो. 1850च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिटलसी मियर हे मोठं तळं उपसून कोरडं केलं, तेव्हा तळाच्या गाळात बार्नॅकचे घडीव चिरे सापडले. मठाकडे निघालेली खेप वाटेतच बुडाली असणार.

खाण बंद पडली, पण रान वाया गेलं नाही. चुनखडीच्या भुकटीवर मातीचा थर अगदी पातळ, त्यात कस नाही, म्हणून दांडगं गवत इथे माजत नाही. अशाच जागी वसंतात जांभळ्या पाकळ्यांचं पास्कफ्लॉवर उमलतं. इंग्लंडमध्ये ते आता मोजक्याच ठिकाणी उरलंय. इथे मेंढ्या मुद्दाम चारल्या जातात. चराई थांबली तर झुडपं वाढतात आणि पास्कफ्लॉवर नाहीसं होतं.

[दृश्य: बार्नॅकच्या चर्चच्या मनोऱ्याचा कोपरा, जवळून]

बार्नॅकच्या चर्चचा हा मनोरा नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकलं त्यापूर्वीचा आहे. कोपऱ्यातले चिरे पाहा: एक उभा लांबट, त्यावर एक आडवा सपाट, पुन्हा एक उभा. मधली माती आणि चुना पावसाने झिजलाय, पण शिंपल्यांचे तुकडे पृष्ठभागाच्या बाहेर येऊन टिकून आहेत. बोट फिरवलं की खरखर जाणवते. बार्नॅक ओळखायची सोपी खूण हीच.

केटनचा दगड याच्या उलट. दाणे एकसारखे, शिंपले जवळजवळ नाहीत, रंग सायीसारखा, कुठे किंचित गुलाबी. पाथरवटाला तो आवडतो, कारण छिन्नी कोणत्याही दिशेने सारखीच चालते. केंब्रिजमधलं ट्रिनिटी कॉलेजचं रेन ग्रंथालय केटनच्या दगडात उभं आहे. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या हॉटेलात विटांच्या जोडीला जे दगड वापरलेत, त्यांतही केटन आहे. त्या हॉटेलाचे वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच आराखड्यानुसार 1878 मध्ये पूर्ण झाला.

केटनमध्ये पोकळी भरपूर असते, तरी तो टिकतो. त्याचं कारण दाण्यांमधल्या जागेत आहे. ही छिद्रं मोठी असतात, त्यामुळे पाणी शिरतं तसं निथळूनही जातं. अतिबारीक छिद्रांच्या दगडात पाणी अडकून राहतं. थंडीत त्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून दगड निवडताना तो किती पाणी पितो एवढंच पाहून भागत नाही, पाणी किती लवकर सोडतो तेही पाहावं लागतं.

[दृश्य: खाणीत ओळीने मारलेली भोकं, त्यात पाचरी]

घडाईचा दगड सुरुंगाने काढत नाहीत. स्फोटाच्या धक्क्याने आत केसाएवढे तडे जातात आणि ते दहा-वीस वर्षांनी भिंतीत उघडे पडतात. वरची माती आणि कमअस्सल थर उपसायचे, नैसर्गिक भेगा शोधायच्या, मग सरळ रेषेत भोकं पाडायची. प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर. घणाने एकाच पाचरीवर जोर काढला तर दगड वेडावाकडा फुटतो. ओळीतल्या प्रत्येक पाचरीवर थोडा थोडा ठोका द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. पाचर घट्ट होत जाते तसा आवाज चढत जातो. मग थांबायचं, दगडाला वेळ द्यायचा. काही क्षणांत भोकाभोकांतून भेग सरळ धावते.

ठोकळा सुटला की त्याचा तळ कुठला, माथा कुठला, याची खूण तिथल्या तिथेच करतात. केटनमध्ये थर डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे एकदा ठोकळा फिरला की कळायला मार्ग नसतो. भिंतीत दगड जसा समुद्रतळाशी पडला होता तसाच आडवा बसवायचा. थर उभे करून, दर्शनी बाजूला समांतर बसवला, तर तो पुस्तकाच्या पानांसारखा एकेक पापुद्रा टाकू लागतो. कार्निस, म्हणजे भिंतीबाहेर आलेली पट्टी, तेवढी अपवाद. तिथे थर उभे ठेवतात, पण त्यांच्या कडा समोर येतील असे. आडवे ठेवले तर खालचा थर निसटून पडतो, कारण त्याला खालून आधार नसतो.

ताज्या दगडात खाणीचं पाणी असतं आणि त्या पाण्यात विरघळलेला चुना. दगड सुकताना हे पाणी पृष्ठभागाकडे येतं, उडून जातं आणि चुना मागे ठेवतं. त्याची टणक कातडी बनते. घडाईचं काम ही कातडी धरण्याआधी केलेलं बरं. नंतर खरवडलं तर तेवढ्या भागाचं संरक्षण गेलं. म्हणून असा दगड वसंत आणि उन्हाळ्यात काढतात, हिवाळ्यापर्यंत सुकू देतात. ओला ठोकळा पहिल्याच थंडीत उघड्यावर राहिला तर फुटतो.

[दृश्य: कॉलीवेस्टनच्या छपरांची रांग]

आणि हीच थंडी कॉलीवेस्टनला हवी असते.

स्टॅमफर्डच्या जुन्या छपरांवरची ही कवलं पाटीच्या दगडाची वाटतात, पण तीही चुनखडीच आहे, वाळूमिश्रित आणि थरांची. खाणीत खाली मऊ वाळू आणि तिच्यावर या दगडाचा जाड थर. खाणकामगार अरुंद बोगद्यात कुशीवर पडून, लांब दांड्याच्या कुदळीने खालची वाळू उकरून काढायचे. जाताना आधाराला दगडांचे छोटे खांब ठेवायचे. पुरेशी वाळू निघाली की आधार पाडायचा. वरचा थर आपल्याच वजनाने खाली बसायचा. काम भर हिवाळ्यात चाले. उकरताना कान वरच्या थराकडे. बारीक कडकड ऐकू आली की माणसाने मागे सरकायचंच.

हे ठोकळे वर आणून मोकळ्यावर मांडायचे आणि त्यांवर पाणी घालत राहायचं. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, पुन्हा गोठतं. प्रत्येक फेरीला थरांमधल्या ओलाव्याचं बर्फ होतं आणि थर एकमेकांपासून सुटतात. सगळी मेख ओलाव्यात आहे. ठोकळा थंडी पडण्याआधी एकदा सुकला की मग कितीही पाणी घाला, तो उकलत नाही. हिवाळा नरम गेला तर ठोकळे मातीखाली झाकून पुढच्या वर्षीपर्यंत ओले राखावे लागत.

[दृश्य: हातोडी, ठोकळ्याची कड, हात]

उकललेल्या ठोकळ्याच्या कडेवर रुंद पात्याच्या हातोडीने हलके टोले देत पातळ फाळ्या सुट्या करतात. मग फाळी लोखंडी कडेवर टेकवून तिच्या बाजू छाटतात. वरच्या टोकाला एक भोक पाडतात, टोकदार हत्याराने, टोचत टोचत. एक जोरदार घाव घातला तर फाळीचे दोन तुकडे. चांगली फाळी बोटाने ठोकली की खणखणते. बद्द आवाज आला तर आत चीर आहे आणि ती बाजूला टाकायची.

छपरावर मोठ्या फाळ्या खाली, वळचणीला, आणि वर आढ्याकडे जाताना लहान होत जाणाऱ्या. त्यात शोभा आहे, पण मुख्य कारण व्यवहाराचं. खाणीतून सगळ्या मापांचा माल निघतो, तो वाया जात नाही. शिवाय वजनदार फाळ्या भिंतीच्या माथ्याजवळ राहतात आणि खाली जिथे पाणी सर्वांत जास्त वाहतं तिथे सांधे कमी येतात. म्हणून काम सुरू करण्याआधी सगळ्या फाळ्या लांबीप्रमाणे लावून मोजाव्या लागतात. मधल्या मापाच्या फाळ्या कमी पडल्या तर रीपांचं अंतर बसत नाही आणि छपरावर पायरी उठते. प्रत्येक फाळीने खालच्या दोन फाळ्यांमधला सांधा झाकायचा आणि त्याखालच्या ओळीवरही थोडं चढायचं. हे चढणं आखूड झालं की वाऱ्याचा पाऊस आत येतो. उतारही तीव्र लागतो. सपाट छपरावर फाळी ओली राहते आणि जी थंडी तिला घडवते तीच तिला फोडते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नवी कवलं निघणं जवळजवळ थांबलं. हिवाळे भरवशाचे राहिले नाहीत आणि स्वस्त कवलं बाजारात आली. एका घराचं छप्पर दुरुस्त करायला दुसऱ्या गोठ्याचं छप्पर उतरवायची वेळ आली. आमच्या मते या टापूच्या वारशावर आलेलं सर्वांत मोठं संकट हेच होतं. मग ऐतिहासिक वास्तूंची देखभाल करणारी सरकारी संस्था, संशोधक आणि छप्परकार यांनी ओले ठोकळे शीतकक्षात ठेवून अनेकदा गोठवले आणि वितळवले. दगड उकलला. हिवाळ्याची वाट पाहायची गरज उरली नाही आणि कॉलीवेस्टनची खाण पुन्हा चालू झाली.

क्लिप्शमचं नाव लंडनमध्ये झालं. संसदभवनाचा मूळ दगड कोळशाच्या धुराने खराब झाला, तेव्हा 1930च्या दशकापासून दुरुस्तीला क्लिप्शम वापरला गेला. धुरातला गंधक चुनखडीचं जिप्सम करतो. पाऊस लागतो तिथे ते धुऊन जातं, आडोशाला मात्र त्याची काळी खपली साठते आणि फुगून पडते. क्लिप्शमच्या काही ठोकळ्यांचा गाभा निळसर असतो, कारण तिथल्या लोहाला हवा लागलेली नसते. दुरुस्तीत निळा आणि पिवळसर दगड शेजारी आला तर घाबरू नये. निळा हळूहळू उतरतो.

[दृश्य: स्टॅमफर्डची एक गल्ली, भिंतीचे सांधे जवळून]

आता पुन्हा गावातल्या भिंतीकडे. सेंट मेरीज स्ट्रीटवर घडीव दगडाचे सरळ दर्शनी भाग दिसतात. बाजूच्या बोळात शिरून पाहिलं तर अनेक ठिकाणी मागे अनघड दगड, किंवा त्याहून जुनी लाकडी चौकट सापडते. अठराव्या शतकात जुन्या घरांना नवे दर्शनी भाग चढवले गेले. तो दगड काही इंचच जाड असू शकतो, त्यामुळे मागचं लाकूड ओलं आहे का हे आधी तपासावं लागतं.

सर्वांत जास्त नुकसान सिमेंटने झालंय. जुने सांधे चुन्याचे होते. पाणी त्या मऊ सांध्यातून बाहेर पडायचं आणि झीज सांध्याची व्हायची. सिमेंटने सांधे भरले की ती वाट बंद. पाणी दगडातूनच निघतं, क्षार तिथेच साठतात, दगड खोल जातो आणि सिमेंटची जाळी पुढे उभी राहते. अशी भिंत दुरून ओळखू येते.

दुरुस्ती सावकाशीची आहे. सांधा जितका रुंद, त्याच्या निदान दुप्पट खोल उकरायचा, छिन्नी आणि हलक्या हातोडीने. घडीव दगडाचे सांधे काही मिलिमीटरचेच असतात. तिथे यंत्राची चकती घातली तर चिऱ्याच्या कडा कायमच्या जातात. धूळ धुऊन काढायची, सांधा ओला करायचा, मग एक भाग पाण्याखालीही घट्ट होणारा चुना आणि सुमारे तीन भाग लहानमोठ्या कणांची स्वच्छ वाळू, असं मिश्रण दाबून भरायचं. ते थोडं आवळलं की ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग उघडा करायचा. वर काही दिवस ओलं गोणपाट. पारा 5 अंशांखाली जाण्याची चिन्हं असतील तर काम सुरूच करायचं नाही, कारण कच्च्या चुन्यातलं पाणी गोठलं की सांधा भुसभुशीत होऊन गळतो. म्हणून स्टॅमफर्डमध्ये चुन्याचं बाहेरचं काम साधारण एप्रिल ते सप्टेंबरमध्ये उरकतात.