पोच येईपर्यंत

(पहाट. जळगाव, अजिंठा चौफुली. उभ्या मालट्रकांची रांग, चहाच्या टपरीवरची वाफ.)

पहाटे साडेपाचला नानांचा फोन वाजतो. पलीकडे आमचा अमळनेरकडचा ड्रायव्हर. "नाना, गाडी खाली व्हयनी. डिझेलना पैसा धाडा."

माल नागपुरात सुखरूप उतरला. आमच्या खात्यात मात्र या खेपेचा एक रुपयाही आलेला नाही.

(घर. टेबलावर लाल वही, बिल्ट्यांचा, म्हणजे माल भरल्याच्या पावत्यांचा, गठ्ठा.)

नाना माझे वडील. तीन गाड्या त्यांच्या, वही माझ्याकडे. जळगाव ते नागपूर सव्वाचारशे किलोमीटर. भरलेली दहा चाकी लिटरला चार किलोमीटर देते. म्हणजे नुसतं जायलाच शंभरावर लिटर डिझेल, साडेनऊ हजार रुपये, आणि तेही रोख. टोल फास्टॅगमधून नाक्यावरच कापला जातो. ड्रायव्हरचा भत्ता निघतानाच द्यावा लागतो. बँकेचा हप्ता पाच तारखेला. या सगळ्यात उधार एकच गोष्ट असते, आमचं भाडं.

एमआयडीसीतल्या ज्या कारखान्याचे पाईप आम्ही न्यायचो, त्याची पैसे देण्याची बोली साठ दिवसांची. ऐकायला दोन महिने. पण साठ दिवस मोजायचे कुठून? त्यांच्याकडे बिल महिन्याच्या शेवटी घ्यायचे आणि दिवस बिलापासून धरायचे. म्हणजे एक तारखेला गेलेल्या खेपेचे पैसे नव्वदाव्या दिवशी. चोवीस हजारांची खेप, गाडीला महिन्याला आठ. साठ दिवस धरले तरी एका गाडीचे पावणेचार लाखांवर अडकलेले, तीन गाड्यांचे अकरा लाखांवर. जो स्वतः हप्त्यावर गाडी चालवतो, तोच कारखान्याला बिनव्याजी पैसे वापरायला देतो. हे मला आजही पटत नाही.

(गाडीचं मागचं चाक. घासून गुळगुळीत झालेला टायर.)

एका वर्षी एका गाडीची स्टेपनी चालत्या चाकाला लावली आणि गाडी महिनाभर बिनस्टेपनीची पळवली. रेडियल टायर वीस हजारांच्या वर जातो आणि टायरवाल्याची आधीची बाकी शिल्लक होती. वहीत मात्र नफा दिसत होता. रात्री गाडी घाटात असली की नाना जेवायचे नाहीत. आई ताट झाकून ठेवायची.

(पोचपावतीचा कागद. अंगठ्याखाली पसरलेली शिक्क्याची निळी शाई.)

हा कागद म्हणजे पोच. माल मिळाल्याची सही, शिक्का, तारीख. पोच नाही तर बिल नाही. एकदा पावसाळ्यात अशी एक पोच ड्रायव्हरच्या खिशात भिजली. गाडी परतीच्या भाड्यासाठी दोन दिवस थांबली, मग दुसरीकडे गेली, आणि कागद घरी पोचला तो बाराव्या दिवशी, घडीवर फाटलेला. आईने तो इस्त्रीखाली वाळवला. कारखान्याच्या अकाउंटवाल्याने परत केला. शिक्का वाचता येत नव्हता म्हणे. एका शिक्क्यापायी चोवीस हजार तीन आठवडे पुढे गेले.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. गाडी गेटच्या बाहेर निघण्याआधी पोचेचा फोटो माझ्या व्हॉट्सअॅपवर. त्यावर गाडी आत गेल्याची वेळ आणि रिकामी झाल्याची वेळ, दोन्ही लिहून घ्यायच्या. नाहीतर हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याची भरपाई, मागताना तोंडी बोलणं कोणी ऐकत नाही. पाईप फुटला असेल तर तिथेच लिहून घ्यायचं, किती आणि कुठून. मूळ कागद कुरिअरने पाठवायचा, गाडीची वाट बघायची नाही. आणि बिल दर सोमवारी. महिन्याची बिलं घेणाऱ्यांनी आधी कुरकुर केली, मग घेऊ लागले. नुसत्या या एका बदलाने आमचे पंधरा-वीस दिवस वाचले.

(सावदा. केळीचे घड गाडीत भरले जात आहेत, थरांमध्ये केळीची पानं.)

तीनपैकी एक गाडी आता रावेर-सावद्याच्या केळीवर असते. दलालाची दलाली जाते, केळी नाशवंत म्हणून रात्रंदिवस पळावं लागतं. पण भाड्यातला मोठा हिस्सा गाडी सुटतानाच हातात पडतो. बाकीच्या दोन गाड्यांचं डिझेल त्यातून निघतं. भाडं कमी मिळतं म्हणून नाना आधी तयार नव्हते. मी त्यांना वहीतलं व्याज दाखवलं.

(मोबाईलच्या पडद्यावर उद्यम नोंदणीचा दाखला.)

कायदा आपल्या बाजूने आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद, हवी, आणि ती फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका.

पण तक्रार केली की गाडी लागणं बंद, म्हणजे त्या कारखान्याचं काम गेलं. ही भीती खरी आहे, मी ती खोटी ठरवणार नाही. आमची उधारी निम्म्याहून जास्त एकाच कारखान्यावर होती, म्हणून तर तोंड उघडत नव्हतं. जोर आला तो आयकरातून. 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशी देणी मुदतीत दिली नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी उत्पन्नातून वजा धरता येतो, आधी नाही. दरवाजे ठोठावून जे झालं नव्हतं, ते झालं. मार्चमध्ये अकाउंटवाल्याचाच फोन आला, "ताई, उद्यमचा दाखला पाठवा."

दाखला पाठवला. सोबत थकलेल्या बिलांची यादी जोडली, प्रत्येक बिलापुढे दिवस लिहून. एकेका कारखान्याचं काम आता एका गाडीच्या वर घेत नाही.

(संध्याकाळ. घर. फोनचा आवाज.)

ड्रायव्हरचा फोटो आलाय. नागपूर, आत सकाळी नऊ चाळीस, रिकामी दुपारी सव्वातीन. शिक्का स्वच्छ. नाना चष्मा लावून तो मोठा करून बघतात आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणतात, "वाढ गं."