डबल आलेला राक्षस

माझ्या हातात काय आहे ते मागच्या रांगेत दिसणार नाही, म्हणून सांगतो. बोटभर उंचीचा, तपकिरी, डोक्यावर चंद्रकोरीसारखी शिंगं असलेला खेळण्यातला प्राणी. नाव गोमोरा. १९६६ च्या ‘उल्ट्रामॅन’ या जपानी टीव्ही मालिकेत यानं ओसाकाचा किल्ला पाडला होता. त्या मारामारीत याची शेपूट तुटते आणि तुटलेली शेपूट एकटीच वळवळत राहते. माझ्या गोमोराचीही शेपूट निघते, पण कारण साधं आहे. तो येतो ती डबी एवढीशी, तिच्यात अख्खा कायजू मावत नाही. म्हणून हात, पाय, शेपूट सुटे भरलेले असतात आणि ते घरी आणून आपण खटाखट बसवायचे.

कायजू म्हणजे जपानी पडद्यावरचे अवाढव्य प्राणी. गॉडझिला त्यांतला थोरला, १९५४ चा. आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींनी दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ पाहिला असेल, तो याच घराण्यातला.

मी कामानिमित्त काही वर्षं टोकियोत होतो, तेव्हा हे वेड लागलं. ही चित्रं, म्हणजे अशा छोट्या मूर्ती, तिथे दोन वाटांनी मिळतात. एक म्हणजे यंत्र. नाणी टाकायची, कडी फिरवायची. ‘गाचा’ आवाज होतो आणि ‘पोन’ करून खेळणं भरलेला गोळा खाली पडतो. म्हणून नाव गाचापोन. ही यंत्रं १९६५ मध्ये अमेरिकेतून आली, १९७७ मध्ये बांदाई कंपनी त्यात उतरली. दुसरी वाट मला जास्त आवडते: शोकुगान, म्हणजे खाऊबरोबरचं खेळणं. खोक्यात सुटे भाग, रंगाचे स्टिकर, आणि च्युइंगगमची एक गोळी. ती गोळी पूजेतल्या सुपारीसारखी असते. तिला कुणी विचारत नाही, पण ती नसेल तर काम अडतं, कारण तिच्यामुळेच खोकं ‘खाऊ’ ठरतं आणि बिस्किटांशेजारी विकायला बसतं.

ही युक्ती जुनी आहे. १९२२ साली आलेल्या ग्लिको कॅरमेलनं काही वर्षांतच सोबत खेळणी द्यायला सुरुवात केली. १९७१ मध्ये ‘कामेन रायडर’ या मुखवटाधारी नायकाची मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षी कॅल्बी कंपनीनं वीस येनचं खाऊचं पाकीट काढलं, आत रायडरचं कार्ड. मुलं कार्ड काढून घ्यायची आणि खाऊ फेकून द्यायची. अन्न फेकल्याचा एवढा बोभाटा झाला की वर्तमानपत्रांपर्यंत गेला. पुढे लोत्ते कंपनीच्या बिक्कुरिमान चॉकलेटचं तेच झालं. त्यातले काही स्टिकर मुद्दाम दुर्मीळ ठेवलेले असत. अखेर १९८८ मध्ये सरकारच्या फेअर ट्रेड कमिशननं सांगितलं, सगळे प्रकार सारख्या प्रमाणात घाला. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. मुलांसमोर सोडत मांडायची तर चिठ्ठ्या तरी सारख्या असाव्यात.

आणि चिठ्ठ्या सारख्या असल्या तरी खिसा रिकामा होतोच. समजा एका मालिकेत सहा प्रकार आहेत, सगळे सारख्याच संख्येनं भरलेले. पहिलं खोकं उघडलं की नवाच निघणार. दुसऱ्यात नवा निघण्याची शक्यता सहात पाच. पाच जमले आणि एकच राहिला की मात्र प्रत्येक खोक्यात शक्यता सहात एक. त्या एकट्यासाठी सरासरी सहा खोकी लागतात, सेट पुरा करायला जवळजवळ पंधरा. म्हणजे सरासरी नऊ डबल. मला ही बेरीज ठाऊक होती, तरी मी दुकानात उभा राहून खोकी हातात तोलून बघत असे. जड असेल तर राक्षस, हलकं असेल तर नायक, असला माझा सिद्धांत. एकदाही खरा ठरला नाही.

डबल आल्याला जपानीत ‘दाबुरी’ म्हणतात, मूळ शब्द आपल्यासारखाच इंग्रजी ‘डबल’. आपण लहानपणी कार्डं जमवताना म्हणायचो ना, ‘शी, डबल आलं!’ तोच सूर, तेच तोंड.

पण कामेन रायडरमध्ये एक गंमत आहे. शॉकर नावाची दुष्ट संघटना, तिचे काळ्या पोशाखातले सैनिक ‘ई! ई!’ ओरडत झुंडीनं येतात आणि झुंडीनं मार खातात. असा सैनिक खोक्यात पुन्हा निघाला तर दुःख कसलं? एकट्या शॉकर सैनिकाला मारून रायडरची काय शोभा? इथे डबल म्हणजे कमाई. दिवाळीच्या किल्ल्यावर एकाच साच्यातले सहा मावळे असले म्हणून आपण कधी कुरकुरलो का? शिवाजी महाराज एकच हवेत, मावळे जितके येतील तितके थोडे. खोकी भरणाऱ्यांना हे कळलं असतं तर निम्मी भांडणं मिटली असती.

ज्यांना सोडत नकोच, त्यांच्यासाठी टोकियोत नाकानो ब्रॉडवेसारखी ठिकाणं आहेत. तिथे उघडलेली, जोडलेली चित्रं काचेआड सुटी मिळतात. लाडक्या नायकाची किंमत खोक्याहून जास्त, नावडता राक्षस खोक्याहून स्वस्त. मीही तिथून घेतली आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यांचे सांधे दुसऱ्या कुणीतरी बसवलेले असतात, स्टिकर दुसऱ्याच्या नखानं दाबलेले असतात. कपाटात ती जरा पाहुण्यासारखी उभी असतात.

असो. माझ्याकडे सध्या शॉकरचे सात सैनिक आहेत. कुणाकडे आठवा जास्तीचा असेल तर चहाच्या वेळी भेटा. बदल्यात हा गोमोरा देईन. माझ्याकडे तो डबल आहे. शेपटीसकट.