ठाय, दुगुन आणि घंटा

नमस्कार, श्रोतेहो.

2025 च्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या फोंडा तालुक्यात एकवीस दिवसांच्या एका गणपतीकडे आमच्या मंडळाचं भजन होतं. आरत्या झाल्या, उसळ-पाव आणि चहा आला, आणि आमचा पखवाजी हाताला लागलेली कणीक पुसत माझ्याशेजारी येऊन बसला. मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "मास्तर, हें गणीत म्हाका कळूंक ना."

गणित असं होतं. आदल्या दिवशी टोकियोत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांची 10,000 मीटरची शर्यत झाली होती. फ्रान्सच्या जिमी ग्रेसिएनं ती जिंकली. वेळ 28 मिनिटं 55.77 सेकंद. आपला गुलवीर सिंग त्याच शर्यतीत सोळावा आला. आता हाच गुलवीर त्याच वर्षी मार्च महिन्यात कॅलिफोर्नियात तेवढंच अंतर 27 मिनिटं 0.22 सेकंदांत धावला होता. म्हणजे सुवर्णपदकाच्या वेळेपेक्षा एक मिनिट पंचावन्न सेकंद कमी! मग त्यानं नुसतं मार्चसारखं धावायचं होतं. सगळ्यांना मागे टाकून, तोंड धुऊन, टॉवेल घेऊन तो बाकीच्यांची वाट बघत उभा राहिला असता. पखवाजी मात्रा मोजणारा माणूस, वजाबाकीत त्याची चूक नव्हती.

मी तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, म्हणजे मुख्यतः शिट्टी फुंकली. त्यामुळे उत्तर देणं मला भाग होतं. त्या रात्री पुरेसं देता आलं नाही, ते आज तुमच्यासमोर पुरं करतो.

आधी हे अंतर डोळ्यांपुढे आणा. पणजीच्या बसस्थानकावरून जुन्या गोव्याला फेस्ताला चालत जाणारे लोक आपण पाहतो. ते अंतर साधारण नऊ-दहा किलोमीटर. मैदानावर तेवढंच अंतर म्हणजे चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईनं 2020 च्या ऑक्टोबरात स्पेनमधल्या वालेन्सियात या पंचवीस फेऱ्या 26 मिनिटं 11 सेकंदांत संपवल्या. तो विश्वविक्रम. एका फेरीला सरासरी 63 सेकंदही नाहीत. तासाला जवळजवळ तेवीस किलोमीटर. रायबंदरच्या रस्त्यावर संध्याकाळी तुमची स्कूटर यापेक्षा फार वेगानं जात असेल, असं मला वाटत नाही.

पण वालेन्सियात चेप्टेगेईची स्पर्धा कोणाशी होती? घड्याळाशी. त्याच्यापुढे पेसमेकर धावत होते. हृदयात बसवतात तो पेसमेकर नव्हे. ही धावणारी माणसंच असतात, ठरलेल्या गतीनं पुढे राहून वारा अंगावर घेतात आणि आपला वाटा संपला की बाजूला होतात. शिवाय ट्रॅकच्या आतल्या कडेला दिव्यांची रांग होती. विक्रमाच्या गतीनं उजेड पुढे पुढे सरकत जातो, धावणाऱ्यानं त्याच्या बरोबरीनं राहायचं. मार्चमधली गुलवीरची धावही याच जातीची. चांगली वेळ नोंदवावी म्हणून भरवलेली शर्यत, आणि कुणी ना कुणी पुढे राहून गती धरून ठेवतो.

ऑलिंपिकमध्ये आणि जागतिक स्पर्धेत पेसमेकर नसतो. तिथे पुढे जो राहील तो इतरांसाठी फुकट हमाली करतो. त्याच्यामागचा वाऱ्यापासून वाचतो, गती ठरवायची चिंता त्याला नसते, आणि पुढच्याची पाठ डोळ्यांसमोर असते. म्हणून कुणालाच पुढे जायचं नसतं. त्यात टोकियोचा सप्टेंबर. सूर्य मावळला तरी हवा दमट. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. हे गोंयकाराला मी सांगायला नको, मे महिन्यात पंख्याखाली बसूनही आपण ते अनुभवतो. अशा हवेत पहिल्या फेरीपासून 64 सेकंदांनी निघणारा वीस फेऱ्यांतच भाजून निघतो. म्हणून सगळे जण सावध. फेरीला सरासरी 69 सेकंद पडले.

"म्हणजे हळू धावले," पखवाजी म्हणाला.

इथेच खरी मेख आहे. 69 ही सरासरी आहे, लय नाही. कुणी तरी मध्येच उसळी मारतो, घोळका ताणला जातो, मग पुन्हा थंड होतो. या प्रत्येक धक्क्याला पाय किंमत मोजतात. शिवाय घोळक्यात आतली बाजू सगळ्यांना मिळत नाही. दुसऱ्या लेनमधून धावलात तर एका फेरीला साडेसात मीटरहून थोडं जास्त अंतर पडतं. पंचवीस फेऱ्या तशा काढल्या तर दीडशे-पावणेदोनशेही नव्हे, एकशे नव्वद मीटर! आणि हे सगळं सोसून झाल्यावर घंटा वाजते. शेवटची फेरी. तिथे अव्वल धावपटू 53-54 सेकंद लावतात. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधली 5,000 मीटरची अंतिम शर्यत अशीच रांगत रांगत गेली, 13 मिनिटं 41 सेकंदांवर. पण मो फराहची शेवटची फेरी 53 सेकंदांच्या आसपास होती. आमच्या शालेय स्पर्धांत ताज्या पायांनी, नुसती एकच फेरी तेवढ्या वेळात धावणारा मुलगा सापडला की आम्ही वर्षभर त्याचं कौतुक करायचो.

पखवाजी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ठाय, आणि शेवटाक चौगुन." म्हणजे आधी संथ लय आणि शेवटी तिच्या चौपट. मला हे सुचायला हवं होतं. केरीच्या केसरबाईंच्या आणि कुर्डीच्या मोगूबाईंच्या मुलखात आपण राहतो. विलंबित ख्याल चालू असताना "अजून काहीच झालं नाही" असं म्हणून उठून जाणारा श्रोता इथे अडाणी ठरतो. मग शर्यतीच्या विलंबितात चॅनेल बदलणारा कोण?

घड्याळाशी जिंकणारा माणूस माणसांशी हरू शकतो, याचं सगळ्यात मोठं आणि मला कायम चटका लावणारं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचं. 1960 च्या दशकात या माणसानं सतरा विश्वविक्रम केले. ऑलिंपिकचं सुवर्णपदक? एकही नाही. 1964 ला टोकियोतच 10,000 मीटरच्या शेवटच्या फेरीला तीन जण उरले. विश्वविक्रमी क्लार्क, ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदी, आणि अमेरिकेचा बिली मिल्स, लाकोटा आदिवासी, ज्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. एक फेरी मागे पडलेले धावपटू वाटेत आडवे येत होते. क्लार्क त्यांच्यामागे अडकला, त्यानं वाट काढायला मिल्सला बाजूला ढकललं. मागून गमूदी दोघांच्या मधून घुसला आणि पुढे सटकला. मिल्स बाहेर फेकला गेला, आता संपला असं वाटत असताना बाहेरच्या लेनमधून आला आणि दोघांनाही मागे टाकून गेला. 28 मिनिटं 24.4 सेकंद. क्लार्कला कांस्य. चार वर्षांनी मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, समुद्रसपाटीपासून 2,240 मीटर उंचीवर, तो सहावा आला आणि रेषेपलीकडे कोसळला. त्याला ऑक्सिजन द्यावा लागला.

या दोन ऑलिंपिकच्या मधे, 1966 साली, क्लार्क प्रागला एमिल झाटोपेकला भेटायला गेला होता. झाटोपेक म्हणजे 1952 च्या हेलसिंकीत 5,000, 10,000 आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेणारा माणूस, आणि ती मॅरेथॉन त्याच्या आयुष्यातली पहिलीच. निरोप देताना त्यानं क्लार्कच्या हातात एक लहानशी पुडी ठेवली. क्लार्कनं ती नंतर उघडली. आत हेलसिंकीचं 10,000 मीटरचं सुवर्णपदक होतं.

हे सांगितल्यावर पखवाजीनं चहाचा कप खाली ठेवला. मीही थोडा थांबलो. भजनाच्या मंडपात विषय बदलायला बरं निमित्त असतं, कुणी तरी पुन्हा चहा घेऊन येतो.

आता एक कबुली. फेऱ्यांचा हा खेळ वाटतो तितका सोपा नाही, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. आमच्या वेळी मैदान तांबड्या मातीचं, फक्की मारून आखलेली दोनशे मीटरची वाट. 5,000 मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या, योगायोगानं तोच आकडा. मी खिशात पंचवीस खडे घेऊन बसलो होतो, एका फेरीला एक खडा बाहेर. मध्येच पावसाची सर आली, धावत जाऊन आडोशाला उभा राहिलो आणि एक खडा टाकायचा राहिला. मुलं सव्वीस फेऱ्या धावली. जिंकणाऱ्यानं तक्रार केली नाही. दुसरा आलेला मात्र आजही भेटला की विचारतो, "सर, पंचविसाव्याला कोण पुढे होता?" मला खरंच आठवत नाही. आठवत असतं तरी मी सांगितलं नसतं.

बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर अशी चूक होणं कठीण. 2023 साली गोव्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा ॲथलेटिक्स तिथेच झालं. एक सांगतो, बांबोळीच्या पठारावर वारा असतो. लांब पल्ल्याची शर्यत तिथे बघायला मिळाली तर वाऱ्याच्या बाजूला कोण कुणाच्या आड लपतो, एवढंच बघत राहा. वेळ कसा गेला ते कळणार नाही.

गुलवीरकडे परत येऊ, नाही तर पखवाजी म्हणेल, मास्तर सम चुकले. 10,000 मीटरचा भारतीय विक्रम सुरेंद्र सिंगच्या नावावर होता, 28 मिनिटं 2.89 सेकंद, 2008 सालचा. जवळजवळ सोळा वर्षं तो हलला नाही. गुलवीरनं मार्च 2024 मध्ये तो 27:41 वर आणला, नोव्हेंबरात जपानमध्ये 27:14 वर, आणि मार्च 2025 मध्ये 27 मिनिटांच्या उंबऱ्यावर. एका वर्षात एवढी मजल. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यानं 5,000 आणि 10,000 दोन्ही जिंकल्या. तिथली त्याची 10,000 ची वेळ होती 28 मिनिटं 38 सेकंद. म्हणजे संथ शर्यत जिंकणं त्याला जमत नाही असं नाही. आशियातल्या घोळक्यात तो घंटेनंतर पुढे जाऊ शकतो. टोकियोच्या घोळक्यात तसेच, कदाचित त्याहून तिखट, पंधरा जण होते. या घोळक्याशी वारंवार अंगाला अंग घासल्याशिवाय तो कळत नाही, आणि आपल्या धावपटूंना ती संधी आत्ता कुठे मिळू लागली आहे. मला विचाराल तर सोळाव्या क्रमांकावर नाराज होण्यापेक्षा, आपला माणूस त्या अंतिम शर्यतीच्या रेषेवर उभा होता याचंच मला जास्त अप्रूप वाटलं.

तसा आपल्याकडच्या मातीला हा नाद जुना आहे. चोर्ला घाट चढून गेलं की बेळगाव. तिथला फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला आणि मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. आणि आपल्या काळातला अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. सैन्यात भरती होऊन सियाचिनला राहून आलेला. त्यानं 2022 मध्ये 5,000 मीटरचा तीस वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. या शर्यतीत तिथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष.

पॅरिसचं नाव निघालंच, तर एक अपवाद सांगायला हवा, नाही तर मी एकच बाजू मांडली असं होईल. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरला इथिओपियाच्या तिघांनी आळीपाळीनं पुढे राहून गती तापवत ठेवली. बेत उघड होता, चेप्टेगेईच्या पायांतली शेवटची फेरी आधीच काढून घ्यायची. चेप्टेगेई मागे राहून सगळं सोसत बसला, आणि वेळ येताच पुढे झाला तो मागे आलाच नाही. 26 मिनिटं 43.14 सेकंद, ऑलिंपिक विक्रम. पहिल्या तिघांत अंतर 0.32 सेकंदांचं. हाच माणूस 2017 मध्ये स्वतःच्या देशवासीयांसमोर, युगांडाची राजधानी कंपाला इथे, जागतिक क्रॉसकंट्री शर्यतीत शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होता आणि मग पाय संपून तिसावा आला होता. कधी सुटायचं हे तो तिथे शिकला असावा.

भजनानंतरच्या रविवारी पखवाजी सरावाला लवकर आला. मी त्याला मोबाइलवर 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकची 10,000 मीटरची शेवटची फेरी दाखवली, आवाज बंद करून. केनियाचा पॉल टेरगट आणि इथिओपियाचा हायले गेब्रसेलासी. शेवट त्याला सांगितला नाही. सत्तावीस मिनिटं धावून झाल्यावर त्या दोघांत 0.09 सेकंदांचं अंतर राहिलं, आणि त्याच ऑलिंपिकच्या 100 मीटरमध्ये पहिल्या दोघांतलं अंतर यापेक्षा जास्त होतं, 0.12, हेही नाही सांगितलं. तो मांडीवर बोटांनी ठेका धरून पडद्याकडे बघत होता. मागच्या सरळ वाटेवर त्याची बोटं एकदम थांबली. "आतां," तो म्हणाला.

त्याच क्षणाला टेरगट सुटला.

शर्यत संपली तेव्हा तो काही बोलला नाही. मोबाइल माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "परत लाय रे मास्तर. त्या दुसऱ्याचें पावल पळोवपाचें उरलें."