पेज, लोणचं आणि एक शतांश सेकंद

पत्रिकेवर विषय छापलाय ‘उषाचा एक शतांश सेकंद कुठे गेला?’ म्हणजे 1984 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आपल्या धावपटू पी. टी. उषाचं कांस्यपदक जेवढ्याने हुकलं, तो. त्यावर येतेच. पण आधी एक तक्रार करून घेते. पीटीच्या बाईंच्या हातात आयुष्यभर शिट्टी असते, माईक क्वचितच येतो.

पस्तीस वर्षं शाळेच्या बक्षीस समारंभांना बसले. दर वर्षी प्रमुख पाहुणे उठतात, शाल सावरतात आणि म्हणतात, “मुलांनो, आयुष्य ही अडथळ्यांची शर्यत आहे.” पहिल्या रांगेत माझ्या हर्डल्सच्या मुली बसलेल्या असतात, त्या माझ्याकडे बघून तोंडावर हात धरतात. कारण अडथळ्यांच्या शर्यतीत अवचित असं काही येतच नाही, हे त्यांना पाठ असतं. मुलींची शंभर मीटर घ्या. पहिलं हर्डल 13 मीटरवर, पुढे दर साडेआठ मीटरवर एक, एकूण दहा, उंची 83.8 सेंटिमीटर. पुण्यात तेवढंच, पॅरिसमध्ये तेवढंच. इतकं सांगून-सवरून येणारं संकट तुमच्या आयुष्यात कधी आलंय? आपल्या रस्त्यावरचे खड्डेसुद्धा सोमवारी इथे असतात, बुधवारी तिथे.

खरा अवचित अडथळा मी एकदाच पाहिला, तालुक्याच्या स्पर्धेत. हर्डलला बुडाशी दोन पाय असतात, एल अक्षरासारखे. ते धावत येणारीच्या बाजूला हवेत. मग मांडी लागली, टाच लागली, तरी हर्डल पुढे कलंडतं आणि मुलगी निघून जाते. त्या दिवशी मैदान लावणाऱ्यांनी दहाच्या दहा हर्डल्स उलटी ठेवलेली. उलटं ठेवलेलं हर्डल कलंडत नाही, पोरगी कलंडते. माझ्या आठवीतल्या मुलीच्या हनुवटीला तीन टाके पडले. मी तिथल्या सद्‌गृहस्थांना विचारलं, तर म्हणाले, “बाई, दोन्हीकडून सारखंच दिसतं की!” मग साडीचा पदर खोचला आणि एकेक हर्डल फिरवत गेले. शर्यत चाळीस मिनिटं थांबली. पाहुण्यांच्या चहाला उशीर झाला म्हणून पुढे मला एक पत्रही आलं. ते मी जपून ठेवलंय.

तर, उषा. आमच्या सातवीत एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, ‘पी. टी. उषा म्हणजे पीटी शिकवणाऱ्या उषाबाई.’ मी तिला बोलावून सांगितलं, अगं, पी. टी. म्हणजे पिलावुळ्ळकंडी तेक्केपरंबिल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बाई, मग मी लिहिलंय तेच राहू दे.”

मुलाखतीत उषानेच सांगितलं आहे, की लॉस एंजलिसला तिथलं खाणं घशाखाली उतरेना, म्हणून तांदळाची पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, आणि शेवटच्या 35 मीटरला अंगात ताकद उरली नाही. हे वाचल्यावर मला माझी आजी आठवली. आम्ही कोकणातली. आजी पहाटे पेज पिऊन भाताच्या लावणीला जायची आणि दुपारपर्यंत चिखलात वाकलेली असायची. तिला कोणी सांगितलं असतं की पेजेमुळे पदक हुकलं, तर तिने त्या माणसाला घरात घेतलं नसतं. पण आजीला 55 सेकंदांत संपवायचं नव्हतं, तिच्याकडे अख्खा श्रावण होता. पेज धीम्या कामाची. चारशे मीटर हर्डल्सला...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ बरं. पळते आता.

8 ऑगस्ट 1984. बायकांची चारशे मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच आली. रशिया आणि पूर्व जर्मनीचा बहिष्कार, म्हणजे पदक दृष्टीच्या टप्प्यात. उपांत्य फेरीत उषा पहिली. अंतिम फेरीत मोरोक्कोची नवल अल मुतवक्किल सुरुवातीपासून पुढे, 54.61 मध्ये सुवर्ण. त्या दिवशी जन्मलेल्या मुलींचं नाव नवल ठेवा, असं तिकडच्या राजाने फर्मान काढलं म्हणतात. नावही काय, आपल्याला समजण्यासारखं! दुसरी अमेरिकेची जूडी ब्राउन, 55.20. तिसरी क्रिस्टियाना कोजोकारू 55.41, चौथी उषा 55.42. आता गंमत बघा. वॉर्सा करारातल्या, म्हणजे रशियाच्या गोटातल्या, देशांपैकी बहिष्कार मोडून आला तो एकटा रुमानिया. कांस्य नेलं ते नेमकं त्याच रुमानियाच्या कोजोकारूने.

एक शतांश म्हणजे अंतर किती? 400 भागिले 55.42, सेकंदाला 7 मीटर आणि वर थोडे. शतांशाला 7 सेंटिमीटर. ही माझी चार बोटं बघा, एवढंच.

लोक म्हणतात, तिने शेवटी छाती पुढे टाकली नाही. शर्यतीचा शेवट धडावर मोजतात, डोकं किंवा हात पुढे गेला तर चालत नाही, तेव्हा ते बरोबरच आहे. दुसरं म्हणजे अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या डेबी फ्लिंटॉफचा फॉल्स स्टार्ट झाला, सगळ्या परत जागेवर, आणि उषाची लय मोडली. तेही खरं. पण माझं मत तिसरंच आहे. इथे दोन हर्डल्समध्ये 35 मीटर असतात. चांगली धावपटू ते 15 पावलांत काढते, प्रत्येक वेळी तोच पाय पुढे. सहाव्या-सातव्या हर्डलनंतर दम लागतो, पाऊल आखूड होतं, 15 ची 16 होतात, आणि मग उडी दुसऱ्या पायाने मारावी लागते. दोन्ही पायांनी उडी मारायची ती सवय अंगात मुरायला वर्षं लागतात. उषाने हा प्रकार हातात घेतला तो ऑलिंपिकच्या जेमतेम काही महिने आधी! तिचे प्रशिक्षक नंबियार सर, त्यांनी तेवढ्यात तिला चार बोटांवर नेऊन ठेवलं. शतांश गेला तो मधल्या त्या मोकळ्या पट्ट्यांत, रेषेवर फक्त त्याची पावती फाटली.

घंटा ऐकली. एकच सांगते. 2023, हांगझो, आशियाई स्पर्धा. तमिळनाडूची विद्या रामराज प्राथमिक फेरीत धावली आणि फलकावर आकडा लागला 55.42. एकोणचाळीस वर्षांनी तोच, ना शतांश कमी ना जास्त. दुसऱ्या दिवशी 55.68 धावून तिने कांस्य घेतलं.

बाहेर दाराशी शाळेचं एक हर्डल ठेवलंय, तुम्हाला दाखवायला आणलं होतं, आता वेळ नाही. जाताना बघा. येताना माझ्या लक्षात आलं, कोणीतरी ते उलटं फिरवून ठेवलंय, आणि त्यावर छत्र्या अडकवल्यात.